गोदामाचा वरचा मजला

बर्बन व्हिस्कीच्या भट्ट्या बघायला मी आपणहून कधीच गेले नसते. पण आमच्या केंटकीत पाहुणे आले की हेच दाखवतात, आणि लेकीचे सासू-सासरे ओहायोहून आले होते. विहीणबाई म्हणाल्या, "व्हर्ना, तुम्हीही चला की." नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी मुकाट्याने सहलीच्या गाडीत बसले.

शेवटची भट्टी कुठली, हे मी विचारलं नव्हतं. दुपारी गाडी फाटकातून आत वळली आणि मी ती जागा ओळखली. माझा भाऊ डेल्मर तरुणपणी इथेच, कामावर असताना मेला होता.

केन्ड्रा नावाची वाटाडी मुलगी आम्हाला गोदामात घेऊन गेली. बाहेर लख्ख ऊन, आत मात्र काळोख. रांगेनं आडवी पिंपं, ओलसर लाकडाचा गोड, जड वास. डोक्यावर पिंपं वर चढवायच्या लिफ्टची भली मोठी पोकळी, थेट छतापर्यंत गेलेली.

"इथे आमचा पिणारा डेल्मर राहतो," केन्ड्रा डोळे मिचकावत म्हणाली. "चोरून प्यायला वर चढला आणि झिंगून या पोकळीतून खाली आला. पिंपावर टकटक करा, तो उत्तर देतो."

सगळे हसले. व्याह्यांनीही हसत हसत टकटक केली.

आमच्या बापाला दारूनं खाल्लं, म्हणून डेल्मरनं जन्मात थेंब घेतला नव्हता. त्याचं प्रेत मीच पुसलं होतं. तोंडाला वास नव्हता, सदरा मात्र दारूनं निथळत होता. ती कुणी ओतली, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही. शेजारणी कुजबुजायच्या, म्हणून आईनं चर्चला जाणं सोडलं.

"तो माझा भाऊ होता," मी म्हणाले. "आणि तो पीत नव्हता."

हसू थांबलं. केन्ड्राचा चेहरा उतरला. "मॅडम, मला... मला जे शिकवलं तेच सांगते मी."

तेवढ्यात वरून पावलं वाजली. जड बुटांची, सावकाश. आमच्या डोक्यावर येऊन थांबली.

"वर कामगार आहेत का?" व्याह्यांनी विचारलं.

"वर... जिनाच नाही," केन्ड्रा पुटपुटली. "त्या अपघातानंतर काढून टाकलाय."

सगळे बाहेर पळाले. मीही निघाले, पण भीतीनं नाही. "शिकवलं कुणी?" मी केन्ड्राचा दंड धरला. तिनं चव घ्यायच्या दालनाकडे बोट केलं.

तिथे प्रुइट बसला होता, पाहुण्यांच्या बाटल्यांवर सह्या करत. डेल्मरच्या वेळचा मुकादम. आता पांढरी दाढी, सगळ्यांचा लाडका आजोबा.

"मी डेल्मर हार्डेस्टीची बहीण," मी म्हणाले. "वरचा कठडा कुजलाय, हे त्यानं तुला सांगितलं होतं. तरी तू त्याला वर पाठवलंस."

पाहुण्यांसमोर त्यानं हसू सोडलं नाही. "बाई, मेलेल्याचं काय जातं? लोकांची करमणूक होते."

"दारू तूच ओतलीस ना त्याच्यावर?"

तो उत्तर द्यायला गेला आणि अडकला. मान वर करून छताकडे बघू लागला. ते दालन एकमजली, वर नुसता पत्रा. मला काहीच ऐकू आलं नाही. त्याला येत होतं.

"येतो," तो हळूच म्हणाला. माझ्याशी नाही. उठला आणि उन्हातून थेट गोदामाकडे चालू लागला. केन्ड्रानं हाक मारली. मी मारली नाही. आजही मारणार नाही.

संध्याकाळी अग्निशमनवाल्यांनी लांब शिडी लावून त्याला वरच्या मजल्यावरून उतरवलं. पोकळीच्या कडेला पाय सोडून बसला होता. जिवंत होता, पण तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द नाही. उजवा हात पुढे ताणलेला, कुणी धरून ओढावा तसा. दोघा जवानांना तो हात खाली वळवता आला नाही.

त्यातला एक माझ्या पुतण्याचा दोस्त. त्यानं सांगितलं, वर बोटभर धूळ होती. प्रुइटच्या पावलांचे ठसे मजल्याच्या मधोमध सुरू होत होते आणि सरळ कडेपर्यंत जात होते. मध्यापर्यंत तो कुठून आला, त्याची कुठेच खूण नव्हती.