गोमुख कुठे गेलं?

"पाणी तुंबलं ते तुमच्यामुळे, बुवा! बेलपानं वेळेवर उचलायला नकोत?"

देवळाचे व्यवस्थापक उंबऱ्याशी उभे राहून चारचौघांसमोर आजोबांना फाडफाड बोलत होते. त्या प्राचीन दगडी शिवमंदिराचे आजोबा पुजारी. काल दिवसभर ते नातवंडांना आणायला परगावी गेले होते, आणि आज सकाळी बघतात तर गाभाऱ्यात घोटाभर पाणी!

"वय झालं तुमचं. किल्ली द्या. दहाला देवस्थानच्या अध्यक्षबाई येताहेत, उद्यापासून दुसरा पुजारी बघतो."

चाळीस वर्षं पहाटे उठून पूजा करणाऱ्या आजोबांनी किल्ली काढून दिली. त्यांच्या नातीच्या, लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली! चिडकी म्हणूनच तिचं नाव लवंगी पडलं होतं.

"चिडून काय होणार? शोधूया," तिचा मावसभाऊ दादा म्हणाला.

"मी चिडणार! आणि चिडूनच शोधणार!"

पाणी उपसायचं म्हणून गाभारा उघडाच होता. धाकटा ढोल्या बादल्या भरू लागला. पिंडीवर रात्रंदिवस पडणारं पाणी भिंतीतल्या दगडी नळीतून जाऊन बाहेर गोमुखातून पडायचं. आजोबा ती नळी रोज वेताच्या काठीने साफ करत. लवंगीने तीच काठी आत सारली. सरसर गेली आणि खट्! अडली.

"पान नाही की फूल नाही! टोकाला बघ, राखाडी चिखल!"

काठी बाहेर ओढतानाच, ती जिथवर आत गेली होती तिथे तिने बोट घट्ट धरून ठेवलं होतं. दादाने तेवढी काठी दाराशी भिंतीच्या जाडीला लावून मापली. भिंत जेवढी जाड, त्याहून काठी वीतभर लांब भरली.

"म्हणजे अडलंय ते भिंतीच्या बाहेर!"

तिघं धावत मागे गेले. देवळाभोवती कालच नवी चकचकीत फरशी घातली होती. आणि गोमुख? गायबच!

"गाडलं की हो मेल्यांनी!" लवंगी किंचाळली. "वर आजोबांनाच बोल लावतात? चोर तो चोर वर शिरजोर!"

"पण आपलं पोरासोरांचं ऐकणार कोण?" दादाने विचारलं.

"मग व्यवस्थापकांच्याच तोंडून वदवू!"

दहाला अध्यक्षबाई आल्या. दात-ओठ खाणारी लवंगी एकदम साखरेसारखी गोड झाली. "काका, आम्हाला प्रदक्षिणा शिकवता? तुम्ही पुढे, आम्ही मागे."

"बघा बाई, हल्लीच्या मुलांना काही म्हणून येत नाही!" व्यवस्थापक ऐटीत निघाले. गेले, गेले, आणि कुठेही न थांबता अख्खा वळसा घालून दारात परत आले. "झाली पूर्ण!"

"पूर्ण?" बाईंच्या भुवया चढल्या. "अहो, शंकराची प्रदक्षिणा अर्धी! गोमुखाशी मागे फिरायचं, ते पाणी ओलांडायचं नाही. तुम्हाला गोमुख दिसलं नाही?"

"ते... ते फरशीत आडवं येत होतं. गवंड्याला म्हटलं, घाल वरून. दिसायला बरं..."

"आणि पाणी जाणार कुठून? तुमच्या कानातून?" लवंगी कडाडली आणि काठीचं राखाडी टोक तिने बाईंसमोर धरलं.

गवंड्याला बोलावलं. चौथ्या घावाला फरशी फुटली, सिमेंटचा गोळा निघाला आणि गोमुखातून पाण्याची धार सुटली. ढोल्या नखशिखांत भिजला!

"शाबास, पोरांनो! आम्हा मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत," बाई म्हणाल्या.

"माफ करा, बाई. नजरचुकीने झालं," व्यवस्थापक पुटपुटले.

"बाईंची कसली माफी मागता?" लवंगी मध्ये पडली. " आजोबांची मागा! बोललात ना सगळ्यांसमोर? मग आता सगळ्यांसमोरच!"

व्यवस्थापक मान खाली घालून आजोबांपुढे आले. "चुकलं माझं, बुवा." त्यांनी किल्ली पुढे केली.

आजोबांनी ती लगेच घेतली नाही. सकाळपासून गिळलेला राग आता त्यांच्या आवाजात थरथरत होता.

"फरशी घालण्याआधी एक शब्द विचारायचा होतात मला. एकच!"

मग त्यांनी किल्ली घेतली आणि राहिलेली पूजा करायला ते आत गेले.