एका ओळीतले दोन क्षण

अंबडच्या कारखान्यात संपदाचं टेबल माडीवर होतं. खाली पत्रा कापणाऱ्या प्रेसचा ठोका दर चार सेकंदांनी पडे आणि टेबलावरच्या चहात बारीक वर्तुळं उठत.

दोन वर्षं तिने एकच काम केलं होतं. प्रेसवर एक कॅमेरा होता. साच्यात कामगाराचा हात दिसला की कॅमेऱ्याला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड प्रेस थांबवी. वीस वर्षांपूर्वीच्या त्या कार्डातला प्रोसेसर आता मिळत नव्हता. त्याच घराण्यातला नवा मिळत होता, पण जुना प्रोग्राम त्यावर चालत नव्हता. जुना एका ओळीतले चार हुकूम एकदम पाळी, नवा आठ. प्रोसेसरची ही जात स्वतः काहीच तपासत नाही. कोणता हुकूम कोणाबरोबर, कोणाचं उत्तर किती वेळाने येणार, हे सगळं आधीच ठरवून ओळीत बसवलेलं असतं. ओळीची रुंदी बदलली की ती सगळी मांडणी मोडते. त्यात मूळ प्रोग्राम हरवलेला. उरले होते ते चिपमधले शून्य आणि एक.

संपदाने त्या शून्य-एकांचंच नव्या प्रोसेसरसाठी रूपांतर करणारा प्रोग्राम लिहिला. जिथे अडचण नव्हती तिथे जुन्या दोन ओळी नव्या एका ओळीत बसवल्या. जुन्याचे दोन क्षण, नव्याचा एक. मग साठवलेली एक लाख चित्रं दोन्ही कार्डांना दाखवली. एका बिटाचाही फरक नाही. त्या संध्याकाळी ती उगाचच गंगापूर रोडने लांबचा फेरा मारून घरी गेली. कोणाला काही सांगितलं नाही, पण सिग्नलला थांबली असताना तिला स्वतःशीच हसू आलं.

सोमवारी नवं कार्ड प्रेसला जोडलं. प्रेसवर मल्हारी होता. पिंपळगावहून येणारा, अठरा वर्षांचा अनुभव. अडकलेला तुकडा काढायला आकडी दिलेली असायची. ती तो खुंटीला लावून ठेवी आणि हातच घाली.

दुपारी कार्डावरचा लाल दिवा लागला, प्रेस थांबली. साचा रिकामा होता. सेकंदभराने मल्हारीचा हात आत गेला, तुकडा घेऊन बाहेर आला. दिवा हिरवा झाला.

"आत जायच्या आधीच थांबली," मल्हारी म्हणाला. "ताई, तुमच्या कार्डाला माझ्या मनातलं कळतंय काय?"

"कळत असतं तर आधी आकडी वापरायला लावली असती तुम्हाला," संपदा म्हणाली.

तासाभराने पुन्हा तेच झालं. या वेळी अकरा सेकंद आधी. तिने कॅमेरा तपासला, केबल बदलली, घड्याळं जुळवली. तीच चित्रं टेबलावर पुन्हा चालवली. फरक नाही.

मंगळवारी दिवा दोन मिनिटं लाल राहिला. वैतागून मल्हारीने कॅमेऱ्याची काच पुसायला साच्यावरून हात घातला. हात बाहेर आल्याबरोबर दिवा हिरवा.

"लय हट्टी हाय हे," तो म्हणाला. "हात घेतल्याबिगर सोडत नाय."

बुधवारी साडेदहाला दिवा लाल झाला आणि तसाच राहिला. कारखान्याचे मालक विश्वेश खाली आले. अकरा वाजता ग्राहकाची माणसं चाचणी बघायला येणार होती.

"संपदा, जुनं कार्ड लावा परत. आज बंद प्रेस दाखवायची का त्यांना?"

"सर, माझ्या रूपांतरात चूक नाहीये."

"मग हात कुठंय, दाखवा."

जुनं कार्ड लागलं, ठोका सुरू झाला. नवं कार्ड तिने वर आणलं आणि कॅमेरा न जोडताच चालू केलं.

दिवा लाल.

तिने नोंदी उघडल्या. दर वेळी दोन ओळी: हात आत, हात बाहेर. आजची एकच: हात आत, दहा वाजून तीस मिनिटं. बाहेर आल्याची नाही.

एक सेकंद. अकरा. मग नोंदीप्रमाणे नेमके एकशे एकवीस. तिने सवयीने पुन्हा अकराने गुणलं. बावीस मिनिटं.

दहा एकावन्न झाले होते.

ती जिन्यावरून धावली. साहेबांना काय सांगायचं, कसं सांगायचं, याचा विचार केला नाही. कार्ड बरोबर होतं. एवढंच.

मल्हारी वाकला होता. कोपरापर्यंत आत.

"मल्हारीभाऊ, हात काढा!"

तो दचकून मागे झाला. तिने प्रेस थांबवायचं लाल बटण दाबलं.

प्रेस थांबली नाही. वरचा ठोकळा आपोआप खाली आला, रिकाम्या साच्यावर.

क्लचची पिन तुटली होती. जुन्या कार्डाने थांबायला सांगितलं होतं. प्रेसला ते ऐकूच जाणार नव्हतं. मल्हारी आपली दहा बोटं पुन्हा पुन्हा उघडून मिटत होता.

"वर दिवा हिरवा झाला असेल," संपदा म्हणाली.

झाला होता. हात बाहेर, दहा बावन्न.

विश्वेश नोंद बघत उभे राहिले. "चूक नव्हती तुमची," ते शेवटी म्हणाले. "हे कसं काय, ते मी विचारत नाही. बारा कार्डं तयार करा. बारा गावच्या प्रेसना जातील."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, हे कोणाला तरी सांगावं. शनिवारी तिने बारा नवी कोरी कार्डं टेबलावर ओळीने मांडली. एकालाही कॅमेरा नव्हता. प्रोग्राम भरला. प्रत्येकाचे शून्य-एक पडताळून पाहिले. सगळी हुबेहूब सारखी. मग एकदम वीज दिली.

नऊ दिवे हिरवे लागले. तीन लाल.

कार्डं पाठवायचे डबे तिने घाईने उलटेपालटे करून पाहिले. कोणतं कार्ड कोणत्या गावच्या प्रेसवर जाणार, याच्या चिठ्ठ्या अजून लावलेल्या नव्हत्या.