पार्कमध्ये अडकलेला दांडा

डोंगरावरच्या करक शहराच्या गॅरेज वस्तीत ऑटोमॅटिक गिअरचं काम करणारी तीन दुकानं आहेत. त्यातलं सगळ्यात जुनं माझं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की माझ्याच पिकअपची, शेजारच्या सीटकडच्या उजव्या दाराची काच सहा वर्षांपासून सैल आहे. दुकानापासून घरापर्यंत सतरा खड्डे. पहिल्याच खड्ड्याला काच चार बोटं खाली घसरते. मी हात लांबवून हँडल फिरवतो, काच वर करतो, पुढच्या खड्ड्याला ती पुन्हा चार बोटं खाली. आतला दातेरी पट्टा झिजला असणार, दुसरं काय!

शेजारी जिर्यिसचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. तो रोज टोमणा मारतो, "अबू रकान, लोकांचे गिअर जोडतोस आणि स्वतःची खिडकी लावता येत नाही होय रे?"

"घरी वाट बघणारं कोणी असतं तर लावली असती," मी म्हणतो. रकान, माझा मुलगा, कॅनडात. शुक्रवारी फोन करतो. बायको फिद्दा सहा वर्षांपूर्वी गेली.

जानेवारीतल्या एका रविवारी उम्म मैसून, म्हणजे मैसूनची आई, गाडी घेऊन आली. बदामी रंगाची, चौकोनी तोंडाची, ब्याण्णव सालची गाडी. ही गाडी तिच्या नवऱ्याची, उस्ताद शिब्लींची. शाळेत भूगोल शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हा छप्पन्नाव्या वर्षी बाईने गाडी शिकून घेतली. मला तिचं कौतुक होतं. त्या दिवशी तिच्या शेजारच्या सीटवर एक शेजारीण अवघडून बसली होती.

"गिअरचा दांडा पार्कमधून सुटत नाही," उम्म मैसून म्हणाली.

"कधी?"

"मी एकटी असले की."

"आणि कोणी बरोबर असलं की?"

"लोण्यासारखा सुटतो."

मी हसलो. गाडी मेकॅनिकसमोर शहाण्यासारखी वागते, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. तिला हसू आलं नाही.

"चौघांना दाखवली, भाऊ. जो तो शेजारी बसतो, म्हणतो काही झालेलं नाही, आणि मला वेडी ठरवून चालता होतो. काल दोन तास अंगणात गाडीत बसून होते. शेवटी हिला हाक मारली. पण इतक्या लांब अकाबाला हिला कशी नेऊ? मैसूनचं पहिलं बाळंतपण आहे, शुक्रवारी ऑपरेशन ठरलंय. चाळीस दिवस मी तिथे राहणार. गुरुवारी मला पोचायलाच हवं."

"गुरुवारी पोचाल," मी म्हणालो.

यात गूढ असं काही नसतं. ब्रेक दाबला की पेडलजवळचा स्विच मागचे लाल दिवे लावतो आणि दांड्याखालच्या एका छोट्या कॉइलला वीज देतो. कॉइल टक् करते, अडकवणारा खिळा मागे सरतो, दांडा सुटतो. गाडीत किती माणसं बसली आहेत हे त्या कॉइलला कळायचं काही साधन नाही.

मी दांड्याभोवतीचं झाकण काढलं. आत वीस वर्षांचा गोड चहा सांडून वाळला होता, त्यात चहात घालतात त्या मरमियाची दोन पानंसुद्धा चिकटलेली. म्हटलं, सापडला चोर. सगळं धुऊन काढलं, खिळ्याचं घर घासलं, झिजलेलं प्लास्टिकचं बूश बदललं, ब्रेकचा स्विचही नवा घातला. सोमवारी एकट्याने बसून तीस वेळा दांडा ओढून पाहिला. तीसही वेळा टक् आणि लोण्यासारखा.

मंगळवारी दुपारी उम्म मैसून टॅक्सीने आली. एकटीच गाडीत बसली. तिने ब्रेक दाबला, मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला.

टक् झालं नाही.

"जोरात दाबा."

उजेड तसाच होता. दांडा जागचा हलेना.

मी शेजारी जाऊन बसलो. टक्. दांडा सुटला. मी उतरलो, तिने दांडा पुन्हा पार्कमध्ये टाकला, पुन्हा अडकला. जिर्यिसला हाक मारली. तो सुई कॉलरला अडकवून आला, एकटाच चाकामागे बसला आणि दोन्ही हातांनी दांड्याशी झटला. दांडा हलेना.

"माझ्याबरोबर कोण बसणार?" तो म्हणाला. "बायको जिवंत असून बसत नाही."

मग मी बसलो. एकटा. ब्रेक दाबला.

टक्.

जिर्यिस हसायचा थांबला. उम्म मैसून दाराशी उभी होती. तिने आधी दांड्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे.

"तुमच्याबरोबर कोण आहे, अबू रकान?"

"कोणी नाही. पाय कसा ठेवायचा याची माझी सवय आहे," मी म्हणालो. माझं मलाच ते पटलं नाही.

तिने आरशाला टांगलेली जपमाळ हातात घेतली. "दोन वर्षं ही इथे ठेवलीय मी. त्यांचा कोट मागच्या सीटवर आहे." बराच वेळ ती मणी चाळत राहिली. "जिवंतपणी कधी बाजारात बरोबर आले नाहीत. आता कशाला येतील!"

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही.

मी तिला सांगितलं की एक सुटा भाग अम्मानहून यावा लागेल, गुरुवारी सकाळी आठला या. खोटं बोललो. उपाय माझ्या हातात होता. एक तार कायम जोडून टाकली की कॉइल सतत ओढलेली राहते, खिळा मागेच राहतो, मग गाडीत कोणी असो नसो, दांडा सुटतोच. जुन्या गाड्यांना आम्ही सर्रास करतो, पाच मिनिटांचं काम. पण तार एकदा जोडली की टक् पुन्हा ऐकू येणार नव्हतं, आणि मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं.

बुधवारी दुपारी उम्म मैसूनची गाडी घेऊन मृत समुद्राकडे उतरणाऱ्या घोरच्या उताराला लागलो. निघताना दुकानाबाहेर टक् झालं होतं, दांडा सुटला होता. मी शेजारी पाहिलं. उन्हाने विटलेलं राखाडी कापड, त्यावर धूळ. हात ठेवून पाहिला. थंड होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

या रस्त्याला वळणं फार. फिद्दाला वळणांवर मळमळायचं. बर्फ पडत असलं तरी ती तिच्या बाजूची काच चार बोटं उघडी ठेवायची आणि मी ओरडायचो, "अगं, माझे कान गोठले, बंद कर!" ती म्हणायची, "तुझे कान माझ्यासाठी तसेही बंदच असतात." अकाबाला, समुद्रावर जायचं तिचं फार मनात होतं. वरून मृत समुद्र दाखवला तर म्हणायची, "हा कसला समुद्र? यात एक मासा नाही." काम हलकं झालं की जाऊ, मी म्हणायचो. तीस वर्षं म्हणत होतो. शेवटच्या दिवशी तिने घरून तीनदा फोन केला. मी एका गाडीखाली होतो, फोन टेबलावर वाजत राहिला.

पाणी दिसतं त्या वळणावर गाडी थांबवली, पार्कमध्ये टाकली. आणि बोलायला लागलो. साठीचा माणूस रिकाम्या सीटशी बोलतोय, कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं! त्या तीन फोनांचं बोललो. मग दुसरं काही सुचेना म्हणून कामाचं बोललो.

"उम्म मैसूनला उद्या अकाबाला जायचंय," मी म्हणालो. "लेकीचं बाळंतपण आहे. बिचारी एकटीच जाणार."

मी समोर पाण्याकडे पाहत बसलो.

कानाला गार वारा लागला तेव्हा मी वळून पाहिलं. उजव्या दाराची काच चार बोटं खाली होती.

गाडी धुताना मीच उघडली असेल. असेलच.

थंडी होती. मी काच वर केली नाही.

गुरुवारी सकाळी सातला तार जोडली. जिर्यिसला एकट्याला बसवलं. दांडा सुटला. त्याने छातीवर क्रूस काढला आणि प्रथमच काही टोमणा न मारता निघून गेला.

आठला उम्म मैसून बॅग घेऊन आली. पैसे किती विचारलं तर मी म्हणालो, बाळाचं नाव ठरलं की कळवा. ती चाकामागे बसली, दांडा ओढला, आणि दांडा सुटल्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा हसली. गाडी दुकानाच्या कमानीतून बाहेर पडली. काच बंद होती. मी नीट पाहिली.

दुकानात परत आलो तर मला फार एकटं वाटलं. रोजच एकटा असतो. हे तसं नव्हतं.

चार वाजता तिचा फोन आला.

"पोचले, भाऊ. अल्लाह तुमच्या हातांना बरकत देवो."

"दांडा?"

"लोण्यासारखा. फक्त ती शेजारची काच तेवढी बघा पुढच्या वेळी. साफी गावापर्यंत दोनदा गाडी थांबवून वर केली, पुन्हा खाली. चार बोटं. मग राहू दिली. खरं सांगू? इतक्या लांबचा रस्ता, पण एकटं नाही वाटलं हो."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"ऐकताय ना? आत्ता समुद्रासमोर उभी आहे. गाडी बंद केली, तशी ती काच पूर्ण खाली गेली. हँडलला हातसुद्धा लावला नाही मी."

"राहू द्या," मी म्हणालो. "तिला बघू द्या."

तिने विचारलं, कोणाला. मी फोन ठेवला.

उजेड असतानाच दुकान बंद केलं आणि पिकअप काढली. पहिला खड्डा आला. सवयीने माझा हात उजव्या दाराकडे गेला.

घरापर्यंत सतरा खड्डे आहेत. मी एकही चुकवला नाही.

काच वरच राहिली.