शोषवेलीच्या पोटातलं

"पाणी नितळ झालं म्हणून मिरवताय? पण त्यातला स्फुरद कुठे गेला, ते विचारा!" डॉ. हेमांगी केळुसकरांनी चिंब शोषवेलीचा जुडगा संचालकांच्या टेबलावर आपटला.

खारकच्छ शुद्धीकरण प्रकल्पाचे संचालक पटवर्धन यांनी घाईघाईने कागद बाजूला घेतले.

माडवेळचं खारकच्छ म्हणजे वाळूच्या पट्ट्याने समुद्रापासून तुटलेलं उथळ पाणी. भातशेतीतलं स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, खत वाहून येऊन तिथे वर्षानुवर्षं साचत होतं. ते शोषून घेणारी ही वेल हेमांगींनीच तीन वर्षांपूर्वी घडवली होती.

"वेल खत नष्ट करत नाही, पोटात साठवते. वेल बाहेर काढली तरच खत बाहेर जातं. नारळी पौर्णिमा झाली की इथल्या बायका शेवाळ उपसून माडांच्या मुळाशी घालायच्या. त्यांना कळत होतं ते आपल्याला कळू नये? तुम्ही उपसायलाच बंदी केलीत!"

"शुद्ध पाण्याच्या सोहळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना हिरवंगार खारकच्छ दाखवायचंय. सोहळ्यानंतर काढू की."

"आणि क्षयकळ? वेल सगळीकडे माजू नये म्हणून तिच्या जनुकांत मीच बसवलीय ती. पाण्यातला स्फुरद पाचाच्या खाली गेला, की सगळ्या वेली काही तासांत मरून विरघळतात."

"आकडा अजून नऊ आहे, बाई. दोन महिने सहज मिळतील."

सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. हेमांगी धुमसत बाहेर पडल्या.

चार दिवसांनी सोहळा सुरू झाला. काठावरच्या मोठ्या फलकावर स्फुरदाचा आकडा झळकला: चार. टाळ्या पडल्या. हेमांगींनी पटवर्धनांना गाठलं.

"नवाचा चार कसा झाला?"

"पहाटेच्या भरतीला समुद्राकडच्या बांधाची दारं उघडली," पटवर्धन खुशीत म्हणाले. "समुद्राचं पाणी आत घेतलं. बघा, तळ दिसतोय!"

"अहो, तुम्ही नुसतं पाणी पातळ केलंत! वेलीला वाटलं, आपलं काम संपलं!"

तेवढ्यात चंद्रभागा गिरकर कमरेएवढ्या पाण्यातून ओरडत आली. खारकच्छातल्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचणाऱ्या चाळीस बायकांची ती म्होरकी. बंदी मोडून ती वेल उपसायला आत शिरली होती.

"गे बाय, धरूक गेलंय तर वेलीचो चिखल झालो! आमचे तिसरे जगतले मा?"

हेमांगींना खोटं बोलवेना. "नाही. हे कुजताना पाण्यातला प्राणवायू संपेल. तीन वर्षांचं खत एका दिवसात परत आलंय." संचालकांइतकाच त्यांना स्वतःचाही संताप आला. क्षयकळ बसवताना, वेल वेळेवर काढणारा माणूस शहाणा असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

फलकावर चाराचे चाळीस झाले, मग एकशे दहा. पाहुणे नाकाला रुमाल लावून गाड्यांकडे निघाले.

"बंदी उठवली!" पटवर्धन ओरडले. "सगळ्या बायकांना बोलवा! आत्ताच्या आत्ता वेल काढा!"

चंद्रभागेने तपकिरी पाण्याने भरलेली ओंजळ त्यांच्यापुढे धरली. बोटांच्या फटींतून ते सगळं गळून गेलं.

"काड," ती म्हणाली. "आता तूच काड."