वळणावरचा हातमोजा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलं. परदेशात, एका डोंगराळ आडरस्त्यावर, गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. रात्र नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते. भुतं रात्रीच निघतात असं ज्याने ठरवलं, त्याने दुपारचं धुकं पाहिलेलं नसणार.

मामाने हे मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं. त्याच्या चष्म्याच्या दुकानात, शटर अर्धं खाली ओढून. सांगताना तो हातातली काच पुसत होता.

एकच काच... पुसतच होता.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मामाला आणि माझ्या बाबांना, म्हणजे मामाच्या दाजींना, मोटरसायकलचं भारी वेड. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. वीस वर्षं शाफ्टमध्ये लोंबकळून काढली, पण कधी बोटसुद्धा चेमटलं नाही. त्या वर्षी पाच जण मिळून परदेशात गेले, तिथे गाड्या भाड्याने घेतल्या आणि नकाशावर केसाएवढे दिसणारे रस्ते शोधून काढले. सगळ्यात पुढे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. सगळ्यात मागे बाबा.

"घरातही माझं नाव शेवटीच येतं," बाबा म्हणायचे. "इथे तरी कशाला रांग मोडू?"

अशा टोळीचा एक नियम असतो. फाटा आला की सगळ्यात पुढचा हाताने दिशा दाखवून निघून जातो आणि त्याच्या मागचा गडी त्या फाट्यावर थांबतो. येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवतो. शेवटचा गडी आला, त्याने दोनदा हॉर्न दिला, की मगच जागा सोडायची.

पाऊस येवो, गारा पडोत. दोन हॉर्न ऐकल्याशिवाय हलायचं नाही.

आणि शेवटच्याने कधीही कोणाला ओलांडायचं नाही.

त्या दिवशी दगडखाणीच्या फाट्यावर मामाची पाळी होती. खरा रस्ता डावीकडे होता, अगदी अरुंद. सरळ जाणारा चांगला रुंद, पण तो बंद पडलेल्या खाणीच्या काठावर जाऊन संपायचा. पाटी नाही, काही नाही. मागचे दोघे येऊन गेले. बाबा येईनात. त्यांच्या गाडीची चेन उतरली होती, हे नंतर कळलं.

वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. थंडीने मामाचे दात वाजायला लागले. डावीकडच्या रस्त्यावर दोन किलोमीटर पुढे एक पेट्रोल पंप होता, तिथे कॉफीचं मशीन होतं...

मामाने काय करावं? आपला डावा हातमोजा काढला. पिवळाधमक. फाट्यावरच्या लोखंडी खांबावर चढवला, बोटं डावीकडे वळवून.

"दाजींना कळेल," म्हणाला. आणि गेला.

कॉफीचा पेला हातात असतानाच खाणीच्या बाजूने काहीतरी कोसळल्याचा आवाज आला.

तो गाडी पिटाळत फाट्यावर आला. खांबावर हातमोजा नव्हता. वाऱ्याने पाडला असणार. त्याने गवतात शोधला, खड्ड्यात शोधला. नाहीच मिळाला. मग मास्तर आले, पोलीस आले, खाणीतून बाबांचा देह वर काढला. सगळे एकच विचारत होते, तू कुठे होतास, आणि मामाच्या तोंडून निघून गेलं...

"मी उभाच होतो. हात दाखवला. दाजींचं लक्षच नव्हतं."

घरी येऊन आईलाही त्याने तेच सांगितलं.

तेव्हापासून आई रडली कमी आणि चिडली जास्त. "समोर उभा माणूस दिसला नाही यांना? लक्षच नसायचं!" भिंतीवरच्या फोटोशीसुद्धा ती रागानेच बोलायची. मामा रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि हे सगळं खाली मान घालून ऐकायचा. मला वाटायचं, दाजींच्या आठवणीने त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

गेल्या वर्षी आई म्हणाली, "बारक्या, मला ती जागा बघायची आहे." मामा अठ्ठेचाळीसचा, पोट सुटलेलं, डोक्यावर टक्कल, पण तिच्यासाठी बारक्याच. "गाडीवरूनच ने. त्यांना जशी दिसली तशीच मला बघायची आहे."

नाही म्हणायला मामाकडे तोंड कुठे होतं?

ते दोघं गेले. तीच कंपनी, तशीच भाड्याची गाडी. आई मागे, मामाचं जॅकेट घट्ट धरून. सकाळी लख्ख ऊन होतं. डोंगर सुरू झाला आणि धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना.

आणि मामाला उजव्या आरशात काहीतरी दिसलं...

एक दिवा.

मागे, लांब. मोटरसायकलचा.

मामाने वेग कमी केला. दिव्यानेही कमी केला. मामाने वाढवला. दिवा तेवढ्याच अंतरावर. शेवटी मामाने गाडी कडेला घेतली आणि हाताने खूण केली, जा बाबा पुढे.

दिवा थांबला.

शेवटचा गडी कोणाला ओलांडत नाही.

"का थांबलास रे?" आईने विचारलं.

"आरसा नीट करतोय ताई."

त्याने खरंच आरसा फिरवला. इतका, की त्यात फक्त आभाळ दिसावं. पण कान कसे फिरवणार? मागून इंजिनचा आवाज येतच होता. धक... धक... धक...

साडेतीनला ते फाट्यावर पोचले. तोच लोखंडी खांब. मामाने गाडी बंद केली.

पक्ष्याचा आवाज नाही. वारा नाही. पानही हलत नव्हतं.

फक्त मागे... धक... धक... धक...

आईने वळून पाहिलं. "कोण आहे तो? मघापासून मागे मागे. पुढे का जात नाही?"

म्हणजे तिलाही दिसत होता!

"असेल कोणी तरी फिरायला आलेला," मामा कसाबसा म्हणाला. पण तो कशाची वाट बघतोय, हे मामाला पक्कं माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं.

आईने पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीतून...

पिवळा हातमोजा. डावा.

"पोलिसांनी दिला होता," ती म्हणाली. "त्यांच्या जॅकेटच्या खिशात सापडला, चेन लावलेल्या. म्हटलं, इथेच ठेवून जाऊ. एकच आहे बघ. दुसरा कुठे पाडला देव जाणे. लक्षच नसायचं."

हातमोजा मामाचाच होता, आणि त्याला सगळं एका क्षणात कळलं.

बाबा फाट्यावर आले होते. त्यांना खाली पडलेला हातमोजा दिसला होता. त्यांनी गाडी थांबवली, उतरले, तो उचलला आणि हरवू नये म्हणून खिशात ठेवून चेन लावली. बारक्याचा हातमोजा पडला, पुढे भेटला की देऊ. इतकं लक्ष होतं त्यांचं. मग त्यांनी वळण दाखवायला कोणी आहे का ते पाहिलं असेल. कोणी नव्हतं. फाट्यावर माणूस नाही म्हणजे सरळ जायचं, हाही नियमच.

आईने हातमोजा खांबावर चढवला. मग मामाकडे बघून हळूच विचारलं,

"तू तेव्हा इथेच उभा होतास ना रे?"

मागचं इंजिन एकदम हळू झालं... जसं कोणी कान देऊन ऐकतंय.

एक शब्द. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं.

"हो ताई," मामा म्हणाला. "इथेच."

दिवा हलला.

पहिल्यांदाच तो पुढे आला. त्यांच्या शेजारून गेला. गाडी दिसली नाही, माणूस दिसला नाही. अंगावर गार वारा आला आणि पेट्रोलचा वास. हॉर्न वाजला नाही.

आणि तो डावीकडे वळला नाही. सरळ गेला.

"अरे, तिकडे खाण आहे ना?" आई ओरडली. "बारक्या, हात दाखव त्याला! हात दाखव!"

मामाचा हात वर झालाच नाही.

आवाज लांब लांब गेला... आणि तुटला.

दोघं खाणीपर्यंत पळत गेले. खाली काळं पाणी, त्यावर एक तरंगही नाही. "वळून गेला असेल बिचारा," आई म्हणाली. पण परतीच्या वाटेवर ती सारखी मागे वळून बघत होती.

हातमोजा खांबावरच राहिला. दोघांनीही तो निघताना तिथे पाहिला होता.

घरी येऊन मामाने बॅग उघडली, तर हेल्मेटच्या आत हातमोजा होता. ओला.

मामाने तेव्हापासून गाडी चालवलेली नाही. त्या दिवशी दुकानात त्याने ड्रॉवर उघडून हातमोजा माझ्यासमोर ठेवला. "आत हात घाल," म्हणाला. मी घातला. बाहेरून बर्फासारखा गार. पण आतून... आतून ऊब होती. कोणीतरी नुकताच काढून ठेवल्यासारखी.

"तूच सांग ताईला," मामा रडत म्हणाला. "माझ्याच्याने होत नाही."

मला त्याचा इतका राग आला की तिथेच दोन द्याव्यात. भित्रा मेला! मी हातमोजा उचलला आणि ताडताड घरी आले. आजच सांगते, म्हटलं.

त्याला तीन आठवडे झाले.

सांगितलं तर आईला बाबा परत मिळतील. भाऊ मात्र कायमचा जाईल. रोज शब्द ओठावर येतात आणि मी गिळून टाकते. मामाला भित्रा म्हणणारी मी. आई असली पानं वाचत नाही, म्हणून तर इथे लिहायचं धाडस होतंय.

हातमोजा माझ्या कपाटात आहे. अजून वाळलेला नाही.

आज सकाळी फोटो पुसता पुसता आई पुन्हा म्हणाली, "लक्षच नसायचं तुझ्या बाबांचं. हो ना गं?"

मी म्हणाले, "हो."

तेवढ्यात खाली रस्त्यावर कोणाची तरी मोटरसायकल सुरू झाली... आणि सरळ निघून गेली.