पत्र्यावरचं पाणी

आमच्या गल्लीतलं गटार उघडं आहे, गुडघ्याच्या वर खोल. दारासमोर दोन फळ्या टाकल्यात, त्यांवरून ये-जा. ते खाली मोठ्या नाल्याला मिळतं, नाला कोर्लेच्या खाडीला, खाडी समुद्राला. ही वाट मला तोंडपाठ आहे. माझी लेक लामिले पोटात असेपर्यंत मी अक्रा शहराच्या पावसाळी गटारांचे उतार मोजायच्या कामावर होते. पाणी कुठं तुंबणार, ते मला ढग पाहून सांगता येतं. भरती असली की खाडी पाणी घेत नाही, ते मागं फिरतं. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या पिशव्या अडकतात आणि गल्लीतली माणसं गाद्या डोक्यावर घेऊन उभी राहतात. त्यात गूढ काही नाही.

लामिलेला पहिल्यांदा घराबाहेर आणलं त्या पहाटे पाऊस लागला होता.

आम्हा इथल्या गा जमातीच्या लोकांत बाळ आठवडाभर आत असतं. मग पहाटे त्याला उघडं करून वळचणीखाली मातीवर ठेवायचं. घरातलं मोठं माणूस पत्र्यावर पाणी फेकतं, ते थेंब बाळावर पडतात. पावसाला आणि मातीला ओळख करून द्यायची, हे आमचं म्हणून. त्यानंतर नाव.

सासूबाई पाण्यानं भरलेला तुंबा घेऊन उभ्या होत्या. त्यांना आम्ही आवो म्हणतो, म्हणजे आईच. नवऱ्याचे काका, नी लांक्वे, टोपी सांभाळत दारात आले.

"ठेव तो तुंबा खाली. आभाळ एवढं ओततंय, त्याला तू वाटीभर पाण्यानं काय शिकवणार?"

सगळे हसले. आवो नाही हसल्या.

"आपल्या हातचं पाणी वेगळं, दादा. आपण दिलं तर त्याला कळतं पोर कुणाची. आपण होऊन आलेल्याला काय कळणार? त्याला वाटेल, आपल्यासाठीच ठेवलीय."

"कळेल हो सगळं. मक्याची पेज निवतेय, लोक खोळंबलेत."

लामिलेला तसंच पागोळ्यांखाली ठेवलं. ती रडली नाही. तोंड उघडून पडून राहिली, जशी दुधासाठी माझ्यापाशी पडते तशी.

पुढच्या पावसात, दुपारी, मी तिला पाजत दाराशी बसले होते. गटार भरत होतं, पण आवाज नव्हता. एक रिकामी पिशवी समोरून संथ गेली, डावीकडून उजवीकडे. खाडी आमच्या डावीकडे आहे.

भरतीला पाणी असं उलटं चढतं, कामावरच्या नव्या पोरांना मीच शिकवलंय. त्या वेळी ओहोटी होती, एवढंच.

पाणी फळ्यांवर आलं, उंबऱ्याला टेकलं आणि थांबलं. लामिलेनं दूध सोडून मान तिकडे वळवली. जरा वेळानं पाणी आल्या वाटेनं गेलं. उंबऱ्यावर गाळाची ओली रेघ राहिली.

खालच्या अंगाला केन्की, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, विकणाऱ्या अयोर्कोरचं घर आहे, दर वर्षी सगळ्यांत आधी बुडणारं. ती धापा टाकत आली.

"तुमच्याकडे पाणी आलं होतं? माझ्याकडे टिपूस नाही गं."

"चूल कोरडी?"

"कोरडी म्हणजे? आमच्या ह्यांनी उगाच गादी डोक्यावर घेतली, आता मान धरून बसलेत."

मग प्रत्येक पावसात तेच. खालची घरं कोरडी आणि पाणी आमच्याकडे. गाळाची रेघ उंबऱ्यावरून आत आली, मग चटईपर्यंत. माझा नवरा आमार्काई दोघा मित्रांना घेऊन मोरीत उतरला.

"आरपार उजेड दिसतोय," वर येऊन म्हणाला. "साफ आहे. तूच सांग आता, काय ते तुझं शास्त्र."

रेघ पलंगाच्या पायाला लागली होती, आणि पलंगावर लामिले झोपते.

"आता तरी मला करू द्या," आवो म्हणाल्या.

कोरडी पहाट पाहिली. काकाही आले, भिंतीला टेकले. मी लामिलेला उघडं करून मातीवर ठेवलं. माती गार होती. आवोंनी तुंब्यातून पाणी फेकलं. ते पत्र्यावर वाजलं.

खाली थेंब आला नाही.

आवोंनी पुन्हा फेकलं. पुन्हा वाजलं. आम्ही पत्र्याच्या कडेकडे पाहत राहिलो.

"भोक असेल," काका म्हणाले.

मी आत जाऊन पाहिलं. गादी कोरडी, जमीन कोरडी. आमार्काईनं स्टुलावर चढून पत्र्यावरून हात फिरवला.

"धूळ आहे," तो म्हणाला.

उरलेलं पाणी आवोंनी सगळं एकदम टाकलं. खूप वाजलं.

मातीवर लामिलेनं तोंड मिटलं.

तिनं घोट गिळला.

त्यानंतर पाणी दाराशी आलं नाही. पाऊस चांगला धो-धो पडतो, आणि गटाराच्या तळाशी वाळकी पानं तशीच पडून असतात. गल्ली कोरडी आहे. अयोर्कोर कणसाच्या सालातली गरम केन्की आणि तळलेली मासळी आणून देते, लामिलेच्या तळपायाचा मुका घेते.

"आमची आहे हो ही," म्हणते. "सगळ्या गल्लीची."

आवो पाऊस सुरू झाला की येऊन लामिलेचा घोटा मुठीत धरून बसतात.

आज दुपारीही धरून बसल्या होत्या. लामिले माझ्या खांद्यावर, पोट भरलेली, झोपेला आलेली. ढेकर काढायला पाठीवर थोपटताना मी तिच्या पाठीला कान लावला. आत आवाज होता. मला तो ओळखता येतो. साफ मोरीतून भरपूर पाणी जातं तेव्हाचा, लांबचा, न तुटणारा.

मी कान तसाच लावून ठेवला. तिचे केस नाकाशी येत होते. बाहेर पाऊस होता.

भरतीची वेळ झाली तसा आवाज मंदावला, थांबला. लामिलेच्या ओठांच्या कडेनं थोडं दूध परत आलं. मी कमरेच्या कापडानं हळूच पुसलं.

कापडावर खाडीचा बारीक काळा गाळ होता.