चिंचघाटातलं एक घर

पृथ्वीचं भवितव्य यापुढे नद्यांच्या काठांवरच ठरणार आहे, असं गुणवंतरावांनी माइक तपासता तपासता जाहीर केलं आणि खाली उतरून, संडासात पाणी नाही म्हणून टँकरवाल्याला फोन लावला. कुंपणापलीकडे वर्धा नदी वाहत होती. पण ती शिकवायची होती, वापरायची नव्हे.

राजुऱ्याजवळच्या या निसर्ग केंद्राचं उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं होतं. दालनाच्या मधोमध पाणलोटाचा नमुना मांडलेला. पलंगाएवढा, चिकणमातीचा, त्यात टेकड्या, नाले, शेतं, गावं. शाळेच्या पोरांनी टेकडीवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते नदीला कसं मिळतं ते बघायचं. हा नमुना केंद्रातल्या प्रफुलनं घडवला होता. प्रफुल चिंचघाटचा, नदीच्या वळणावरचा.

गुणवंतराव केंद्राचे संचालक. त्यांचं म्हणणं पडलं की चिंचघाट तर खाणीत चाललंय, मग पाहुण्यांना ते दाखवून नसते प्रश्न कशाला सुचवायचे. पाहुणे खाणीचेच होते, हे त्यांनी सांगितलं नाही. प्रफुलनं अंगठ्यानं गाव पुसून काढलं. एक घर मात्र त्याच्यानं पुसवेना. गावकरी वर टेकाडावरच्या वसाहतीत गेले होते, रिकाम्या घरांत त्याची माय कमळाबाई तेवढी उरली होती. तिला हलवायला त्यानं काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी मायचा फोन आला. शेजारची घरं दिसत नाहीत म्हणाली. पाडली म्हणावं तर विटेचा तुकडा नाही. प्रफुल म्हणाला, मशीन आलं असेल.

"मशीनचा आवाज नाई आला, बापू. इथी भुईवर सारवल्यावानी वळ हायेत. एकेक वळ बैलगाडी जाईन एवढा."

प्रफुलनं फोन ठेवला आणि हात धुतले. बराच वेळ धुतले.

सकाळी दिव्यानीनं, म्हणजे त्याच्या सहकारी बाईनं, चाचणी म्हणून टेकडीवर पाणी ओतलं. पाणी उतरलं, नदीपाशी आलं, आणि नदी सोडून त्या एकट्या घराकडे वळलं. घराला वेढा घालून थांबलं.

"उतार चुकला वाट्टे, प्रफुलभाऊ," ती म्हणाली.

उतार चुकला नव्हता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"बापू, घरात पाणी येऊन राह्यलं," माय म्हणाली. "अन् बाहेर तं ऊन हाय."

प्रफुल पोरांना भूतखेत नसतं हे शिकवायचा, त्याचं पोस्टरही त्यानंच रंगवलं होतं. त्याच पोस्टरखाली त्यानं मातीचा गोळा भिजवला. नमुन्यातल्या वसाहतीच्या टेकाडावर घाईघाईनं चार भिंती उभ्या केल्या, वर छप्पर दाबलं, मग वळणावरचं ओलं घर नखानं उचलून टाकलं. फोनमध्ये माय एकदाच "अगा" म्हणाली आणि फोन तुटला.

त्यानं परत लावला. लागला नाही.

पाहुणे आले. एकटं घर गेलेलं पाहून गुणवंतरावांनी प्रफुलच्या पाठीवर थाप मारली. टाळ्यांच्या गजरात नमुन्यावर जाड काच बसवण्यात आली. आता पोरांचे हात लागणार नाहीत. मिस्त्रीनं चारी बाजूंनी स्क्रू आवळले आणि तो बल्लारपूरच्या गाडीनं निघून गेला.

काचेखाली माती वाळून पांढरी पडत होती.

भाषण चालू असताना फोन आला. मायचा आवाज माठात तोंड घालून बोलावं तसा.

वसाहतीत आली म्हणाली. कशी आली ते कळलं नाही. कोरडं आहे, भिंती जाड आहेत, ओल्या मातीचा वास छान येतो. पोरानं शेवटी घर दिलं, याचं तिला बरं वाटत होतं.

प्रफुल काचेवर कपाळ टेकून ऐकत होता.

"बाकी समदं बेस हाय, बापू," माय म्हणाली. "फक्त याले दार नाई कुठी. सवड झाली का तेवढं करून देजो."